मी सैल झालेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्लाउज आहे. बाटलीच्या हिरव्या रंगाचा, टू बाय टू कापडाचा, पुढे पाच हुकांचा. वय अठरा वर्षं. या अठरा वर्षांत मला अंगात घालून कुणी बाजारात गेलं नाही की लग्नाला मिरवलं नाही. मी मापाचा ब्लाउज आहे. तुमच्याही घरात असा एखादा असेल. आईच्या किंवा आजीच्या अंगाला जो अगदी हवा तसा बसतो, तो ती जपून ठेवते आणि नवं कापड शिवायला टाकताना सोबत देते, ‘याच्या मापाने शिवा’ असं सांगून. त्याच्यावर पाणी पडत नाही, घाम पडत नाही, इस्त्री तर त्याला माहीतच नसते. त्याचं काम एकच, खरं माप सांगायचं. ते काम मी अठरा वर्षं चोख केलं. आणि गेल्या फाल्गुनात एका मोबाइलमधल्या ॲपने मला सैल झालेला ठरवलं. माझ्या मागे नाही, मला पलंगावर पसरून, माझ्या समोर! त्या दिवसापासून माझा जो संताप झाला आहे तो अजून उतरलेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे बोलतो आहे.

आधी माझा जन्म सांगतो, म्हणजे माझा राग फुकटचा नाही हे तुम्हाला कळेल.

मी नवी मुंबईतल्या पावणे गावात जन्मलो. गावाच्या चारी बाजूंना कारखाने आहेत, सकाळ-संध्याकाळ त्यांचे भोंगे वाजतात आणि वारा फिरला की रसायनांचा उग्र वास येतो. पण मधलं गाव जुनं, आगरी लोकांचं. गावदेवीच्या देवळाजवळ एका लहानशा गाळ्यात शेवंताबाई शिलाई मशीन घेऊन बसायची. ती मूळची कऱ्हाडकडची. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून ती पावण्यात आली आणि इथलीच झाली.

तिच्याकडे एक दिवस पुतळाबाई आली. पुतळाबाई म्हणजे या गावची धवलारीण. हा शब्द तुमच्यापैकी काहींना नवा असेल. आगरी लग्नात मांडव घालताना, हळद लावताना जी जुनी गाणी म्हणतात त्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. तिने गायल्याशिवाय नवऱ्या मुलाच्या अंगाला हळद लागत नाही. पुतळाबाईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण तासन्‌तास पुरतील एवढे धवले तिला पाठ होते. पावण्यातच नाही, रबाळ्यापर्यंत तिला बोलावणी यायची.

तर ती आली ती रागावून. शेवंताबाईने तिला शिवून दिलेला पहिलाच ब्लाउज रबाळ्याच्या एका हळदीत काखेत टरकन फाटला होता. चार माणसांत लाज गेली म्हणून तिने तो ब्लाउज मशीनवर आपटला. शेवंताबाईने तो उलटसुलट करून पाहिला, वही काढून माप ताडून पाहिलं. माप बरोबर होतं, शिवण बरोबर होती. मग हा फाटला कसा? दुसरी एखादी असती तर ‘तुमीच जाड झालाय’ म्हणून मोकळी झाली असती. शेवंताबाईने मात्र थोडा विचार केला आणि पुतळाबाईच्या छातीभोवती टेप धरून म्हणाली, “काकू, आता गा बघू.”

“हितं?”

“हितंच. हळदीत गाता तसं, पूर्ण आवाजात.”

पुतळाबाई गायली. आणि शेवंताबाईच्या बोटांतून टेप सरकला. उभी असताना जी छाती छत्तीस होती ती लांब ओळीचा श्वास भरताना अडतीस झाली. शिवाय ओळ उचलताना पुतळाबाईचा उजवा हात आपोआप वर जायचा. तो वर गेला की काखेतलं कापड ताणलं जायचं. शेवंताबाईने सगळं पाहिलं, तिला आणखी दोनदा गायला लावलं आणि मग कात्री हातात घेतली. छाती अडतीस. उजवा मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल, डाव्यापेक्षा अर्धा इंच खोल. असा मी झालो. दुसऱ्या कुठल्याही बाईला मी विचित्र बसेन. मला टांगलं तर माझी एक बाजू दुसरीसारखी दिसत नाही. पण पुतळाबाईने मला घालून त्या गाळ्यात एक अख्खा धवला म्हटला आणि माझा एक टाकासुद्धा कुरकुरला नाही.

“ह्यो घालू नका काकू,” शेवंताबाई म्हणाली. “मापाला ठेवा. माझी वही हरवली तरी चालंल, पर ह्यो जपा.”

त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो मी आजवर लपवलेला नाही, आजही लपवत नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली. मी पुतळाबाईच्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या शेजारी, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचो. लग्नसराई आली की पिशवी उघडायची. नव्या कापडाची घडी माझ्यावर गुंडाळून मला गाळ्यात नेलं जायचं. तिथे खिळ्यावर लटकून मी इतर मापाच्या ब्लाउजांशी गप्पा मारायचो. कुणी म्हणे, माझी मालकीण बारीक झाली तरी मला सोडत नाही. कुणी म्हणे, मला मुद्दाम घट्ट ठेवलंय म्हणजे ती जेवताना हात आखडता घेते. मी म्हणायचो, माझी मालकीण गाते. मग सगळे माझा उजवा मुंढा निरखायचे. माझ्यावरून शिवलेले किती ब्लाउज झिजले, फाटले, बोहारणीकडे गेले याची गणती नाही. एकही गाताना फाटला नाही. पुतळाबाईच्या गळ्याचं गावात कौतुक व्हायचं तेव्हा त्यातला थोडा वाटा आपल्याकडे येतो असं मी मनातल्या मनात धरून चालायचो. कुणी दिला नाही तरी घ्यायचो.

दरम्यान घर बदललं. जुन्या घराच्या जागी पाच मजली इमारत झाली, खालचे मजले भाड्याने गेले आणि पुतळाबाई, तिचे यजमान धर्मराज, मुलगा तेजस, सून सुचिता आणि दोन नातवंडं चौथ्या मजल्यावर राहायला आली. थोरला मितेश आणि धाकटी मनस्वी. मी त्याच कपाटात, त्याच कप्प्यात.

यंदा मितेशचं लग्न ठरलं. घरात आनंदीआनंद. आमच्याकडे हळदीला घरातल्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. कोणत्या साड्या यावर महिनाभर खल चालतो. यावेळी मनस्वीने एका फटक्यात खल संपवला. सीवूड्सच्या मॉलमध्ये एका मोठ्या ब्रँडचं दुकान आहे, त्यांचं ॲप तिच्या मोबाइलमध्ये होतं. ब्रँडचं नाव मी घेणार नाही. त्यांनी तरी माझं कुठे घेतलं?

“साडी आणि ब्लाउज दोन्ही एकत्र येतंय,” मनस्वी म्हणाली. “ब्लाउज शिवलेला. फोटो काढायचा, ॲप माप घेतं. माझा टॉप असाच मागवला ना मी, एकदम परफेक्ट बसला.”

सुचिताने आधी कांकू केलं. पण शेवंताबाईकडे लग्नसराईत पंधरा दिवस आधी कापड टाकावं लागतं आणि अकरा बायकांचे ब्लाउज ती एकटी कुठून शिवणार, हेही खरं होतं. शेवटी ठरलं की सगळ्यांचे ॲपवरून. खरं सांगतो, मनस्वीचा हेतू वाईट नव्हता. आजी व्हिडिओत सगळ्यांत छान दिसली पाहिजे असं ती सारखी म्हणत होती. म्हणून तर माझी आणखी पंचाईत होते. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं.

एका रविवारी दुपारी सगळ्यांची मापं झाली. शेवटी पुतळाबाईची पाळी आली. मनस्वीने तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि मोबाइल समोर धरला. कपाटाचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

पहिलाच प्रश्न ॲपने असा विचारला की मला घाम फुटला असता, माझ्याकडे घाम असता तर. तुमचा बांधा कोणत्या फळासारखा आहे? आणि खाली चित्रं. सफरचंद, नासपती आणि आणखी काय काय.

“मी फल हाय काय गो?” पुतळाबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. सत्तर वर्षं मिठागर, भातशेत आणि माणसं सांभाळलेली बाई, तिला असा प्रश्न करायचा? मनस्वीने काहीतरी फळ निवडून टाकलं. मग साडी नेसून दाखवायचा प्रकार झाला. ॲपने पुतळाबाईचा चेहरा उचलला आणि एका काटकुळ्या, उंच, उघड्या पाठीच्या पोरीच्या मानेवर बसवला. पुतळाबाईने मोबाइल हातात घेऊन ते चित्र डोळ्यांजवळ नेलं.

“तोंड तं माझा हाय,” ती म्हणाली. “बाकी कोनाची बायको?”

मग माप. मोबाइलमध्ये एक रेघांची बाहुली दिसत होती. माणूस तिच्या आत नीट उभा राहिला आणि हलला नाही की रेघ हिरवी होते म्हणे. पुतळाबाई उभी राहिली. रेघ लालच. मोबाइलमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया स्थिर राहा. पुतळाबाई स्थिर राहिली. रेघ लालच.

“आजी, प्लीज, श्वास रोख ना जरा. दहा सेकंद फक्त. तू श्वास घेतेस तशी लाईन हलते.”

पुतळाबाईने श्वास रोखला. नातीसाठी रोखला. रेघ लगेच हिरवी झाली, टिंग असा आवाज आला आणि मनस्वीने टाळी वाजवली. छाती छत्तीस.

मित्रांनो, मी कपाटातून ओरडत होतो. ज्या बाईचं सगळं देणं तिच्या श्वासात आहे, तिचा श्वास थांबवून तुम्ही तिचं माप घेता? मेलेल्या माणसाचं माप असं घेतात! पण ब्लाउजाचं ऐकतो कोण.

तरी एक क्षण असा आला की सगळं सुधारलं असतं. सुचिताला माझी आठवण झाली. “अगं, आईंचा मापाचा ब्लाउज आहे ना कपाटात, त्याच्यावरून पण बघ एकदा,” ती म्हणाली. मला कोण आनंद झाला. मला पलंगावर पसरलं, मनस्वीने टेप लावला आणि माझा आकडा ॲपमध्ये टाकला. अडतीस. मी छाती फुगवून पडलो होतो. ॲपने दोन क्षण विचार केल्यासारखं केलं आणि पडद्यावर अक्षरं आली, ती मनस्वीने मोठ्याने वाचली. दोन मापांत फरक आढळला. वापरलेले कपडे कालांतराने सैल होतात. फोटोतील माप निवडा.

सैल! मी! टू बाय टू कापड ताणतं का कधी? आणि ताणायला मला घातलं होतं कुणी? अठरा वर्षं मी एका पिशवीत डांबरगोळ्यांचा वास खात पडलो, त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही अंगावर चढलो नाही, ते नेमकं सैल होऊ नये म्हणून. आणि हे काल जन्मलेलं ॲप, ज्याने पुतळाबाईला एकदाही गाताना ऐकलं नाही, ते मला सैल म्हणतं. माझं उजव्या काखेचं अर्धा इंच खोल कापड पाहून तर मनस्वी म्हणाली, “बघ ना मम्मी, वाकडा पण झालाय. टाकून दे हा.”

सुचिताने मला घडीसुद्धा न घालता गॅलरीतल्या फडक्यांच्या पिशवीत कोंबलं. पुतळाबाई तोवर आत पाणी प्यायला गेली होती. तिला कुणी विचारलं नाही.

त्या पिशवीत माझे पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. एवढंच सांगतो की एका सकाळी मितेशने हात घातला आणि जे हाताला लागलं ते ओढलं. ते मी होतो. त्याने माझ्याने आपल्या मोटरसायकलची साखळी पुसली. माझ्या पाठीवर तळहाताएवढा काळा डाग पडला, तो आजही आहे. साखळी पुसून झाल्यावर त्याने मला मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं आणि विसरला. मग मी खालीच राहिलो, इमारतीच्या दाराशी, उन्हात आणि धुळीत. येणारे जाणारे भाडेकरू माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. अपमानाची सवय होत नाही, मित्रांनो. मला तरी झाली नाही.

पार्सल आलं ते मला हँडलवरून दिसलं. वर चौथ्या मजल्यावर काय झालं ते मला नंतर कळलं, मनस्वीने शेवंताबाईला सांगितलं तेव्हा. पुतळाबाईने ॲपचा ब्लाउज घालून पाहिला. पिवळा, जरीच्या काठाचा, पाठीला चेन. आरशासमोर उभं राहून सगळ्यांनी पाहिला आणि तोंड भरून कौतुक केलं. कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही. पुतळाबाईला तो छातीत आवळत होता. पण समोर नातीचा फुललेला चेहरा होता. “बरा बसलाय,” ती म्हणाली. “तुझ्या मनासारखा हाय ना, मंग झाला.” तिला एक ओळ गाऊन बघ असं कुणी म्हटलं नाही. अठरा वर्षांपूर्वी जे एका शिवणाऱ्या बाईला सुचलं ते या मोठ्या घरात कुणालाही सुचलं नाही.

हळदीचा दिवस आला. गल्लीभर मांडव पडला होता. मितेशची मोटरसायकल मांडवाच्या कडेला भिंतीशी लावली होती आणि तिच्या हँडलवर मी. म्हणजे मला बसायला जागा चांगली मिळाली म्हणायची. दुपारची उन्हं कलली तशी माणसं जमली. बेंजोवाले एका बाजूला आपली वाद्यं मांडून तयार होते. अकरा बायका पिवळ्या साड्यांमध्ये, व्हिडिओवाला त्यांच्या मागेपुढे. मितेश पाटावर बसला. हळदीची वाटी आली. आणि पुतळाबाईने पहिला धवला सुरू केला.

पहिली ओळ तिने नीट म्हटली. दुसरी ओळ लांब आहे. तिच्या आधी पोटापासून श्वास भरावा लागतो, ते मला माझ्या प्रत्येक टाक्यात माहीत आहे. तिने हात उचलला, तो खांद्यापर्यंतच गेला. आवाज निघाला तो अर्धाच. ओळ मध्येच तुटली. तिने खाकरून पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच आवाज चिरकला. मागच्या बायका ओळ धरायला थांबल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

मोटरसायकलजवळ दोन पाहुण्या उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “गेला ग आवाज. वय झाला आता.”

दुसरी म्हणाली, “सत्तर झाली असतील. किती वरीस गानार.”

चुकला कोण आणि दोष कुणाच्या नावावर! कापड आवळतंय, चेन रुततेय, श्वास अडतोय आणि लोक म्हणतात बाई म्हातारी झाली. सर्वांत वाईट म्हणजे पुतळाबाईनेही ते ऐकलं असावं, कारण तिची मान खाली गेली. तिला स्वतःला तसंच वाटायला लागलं होतं. तेजस पुढे आला. मुलगा म्हणून त्याला आईची काळजी वाटली, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

“आई, राहू दे. तू बस,” तो म्हणाला. “बेंजो चालू करतो. माणसं थांबलीत.”

पुतळाबाई उठली आणि इमारतीत गेली. मनस्वी तिच्या मागे धावली. बेंजोवाल्याने हातात काडी घेतली. तेवढ्यात धर्मराज, जे दिवसभर खुर्चीत बसून पाहुण्यांना रामराम करण्यापलीकडे काही बोलले नव्हते, त्यांनी हात वर केला.

“थांब रं,” ते म्हणाले. “ती येल. हलद धवल्यांनीच लागल.”

मांडव थांबला. मितेश पाटावर तसाच बसून राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मला फक्त एवढं कळत होतं की आज पुतळाबाई गायली नाही तर पुन्हा तिला कुणी गायला सांगणार नाही. ना पावण्यात, ना रबाळ्यात. म्हाताऱ्या माणसाला एकदा ‘राहू दे, तू बस’ म्हटलं की ते कायमचं असतं.

मग मनस्वी धावत खाली आली. तिचे डोळे लाल होते. वर तिने आजीची चेन उघडली होती आणि पाठीवर व बरगड्यांवर उमटलेले लाल वळ पाहिले होते. ते पाहून तिला तो अडतीसचा आकडा आठवला होता. फडक्यांची पिशवी तिने सगळी पालथी घातली होती. आता ती वेड्यासारखी इकडे तिकडे बघत होती. तिची नजर हँडलवर आली.

“मितेशदादा, हा इथे का?” एवढंच म्हणून तिने मला ओढलं आणि चार मजले चढून गेली.

वर पुतळाबाई पलंगावर बसली होती. मला पाहून तिने हात पुढे केला. पाठीवरचा काळा डाग तिला दिसला. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि मनस्वीकडे पाहिलं. मनस्वीने मान खाली घातली.

“सॉरी आजी. ॲपला वाटलं हा सैल झालाय.”

“ॲपाला वाटला,” पुतळाबाई म्हणाली. “तुला काय वाटला व्हता?”

सुचिता दारात आली होती. ती कळवळून म्हणाली, “आई, हा घालणार? हिरवा आहे, तेल लागलंय त्याला. व्हिडिओ चाललाय, लोक काय म्हणतील?”

“लोकां गाना ऐकाला आलीत,” पुतळाबाई म्हणाली. “लाव गो पोरी हुकां.”

मनस्वीने एकेक करून माझे पाच हुक लावले. अठरा वर्षांनी मी पुन्हा त्या अंगावर होतो. कुठे चुणी पडली की नाही ते मला माहीत नाही, मी आरशात पाहिलं नाही.

आम्ही खाली गेलो. दहा पिवळ्या ब्लाउजांमध्ये एक हिरवा, मळका, पाठीवर डागाचा. कुजबुज झाली, मी ऐकली, मला तिची पर्वा नव्हती. पुतळाबाई पाटाजवळ बसली. तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला. माझ्या प्रत्येक शिवणीपर्यंत तो श्वास आला आणि मी त्याला जागा दिली. उजवा हात वर गेला, पूर्ण वर गेला. दुसरी ओळ तिने एका दमात म्हटली आणि मागच्या बायकांनी ती उचलली. मितेशला हळद लागली. त्या पाहुण्या मोटरसायकलजवळ तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. नंतरचे तीन धवले तिने उभं राहून म्हटले.

शेवटच्या धवल्यात माझ्या उजव्या काखेची शिवण गेली. धागा अठरा वर्षांचा होता. आवाज झाला, पण गाण्यात कुणाला ऐकू आला नाही. मी गाणं संपेपर्यंत बाकीच्या टाक्यांवर धरून राहिलो.

लग्न पार पडलं. चार दिवसांनी मनस्वीने तो पिवळा ब्लाउज परत करायला काढला. ॲपने कारण विचारलं. रंग आवडला नाही, साईज लहान, साईज मोठी, कापड हलकं, उशिरा मिळालं. मनस्वीने ती यादी वरून खाली दोनदा वाचली. तिचं कारण त्यात नव्हतं. शेवटी तिने ‘इतर’वर बोट ठेवलं आणि खालच्या जागेत लिहिलं की तुम्ही माझ्या आजीला श्वास रोखायला सांगितला. उत्तर लगेच आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आमच्या नव्या संग्रहावर वीस टक्के सूट. मनस्वीने ॲप काढून टाकलं असं मी सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तिने ते काढलेलं नाही, तिचे टॉप त्यावरूनच येतात. पण दुसऱ्या दिवशी ती मला धुऊन, घडी घालून, आजीचा हात धरून शेवंताबाईच्या गाळ्यात आली.

शेवंताबाई आता चष्मा लावते. सगळी हकीकत ऐकून तिने मला हातात घेतलं, उसवलेली काख पाहिली, डाग पाहिला. मनस्वी घाईघाईने म्हणाली, “याच्यावरून दुसरा शिवा ना. सेम.”

“याच्यावरून न्हाई,” शेवंताबाई म्हणाली. “आता ह्यो मापाचा ऱ्हायला न्हाई. अठरा वर्सं झाली. काकू, उभ्या ऱ्हावा.”

मला खिळ्यावर टांगलं गेलं, माझ्या जुन्या जागी. मला वाईट वाटायला हवं होतं. ॲपने मला सैल म्हटलं तेव्हा मी पेटलो, पण शेवंताबाईने मला बाद केलं तेव्हा मला राग आला नाही. तिने मला आधी हातात घेऊन पाहिलं होतं आणि आता ती माणसाला पाहत होती.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या हातातले मोबाइल तुम्हाला लखलाभ होवोत, त्यांनी कपडे मागवा, मापंही घ्या. पण कुणाचं माप घ्यायची वेळ आली, कपड्याचं किंवा वयाचं किंवा आवाजाचं, तर त्या माणसाला श्वास रोखून भिंतीशी उभं करू नका. त्याला त्याचं काम करू द्या आणि मग टेप धरा. आणि घरातला एखादा जुना कपडा वाकडा दिसला तर फडक्यांच्या पिशवीत टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारा.

त्या दिवशी गाळ्यात शेवंताबाईने टेप पुतळाबाईच्या छातीभोवती धरला. मनस्वी मोबाइल बाजूला ठेवून बघत होती.

“गा आता काकू.”

पुतळाबाई गायली. टेप सरकला आणि थांबला. मी खिळ्यावरून वाकून आकडा पाहिला. साडेसदतीस. म्हणजे वय झालं होतं हे खरं. अर्ध्या इंचाचं झालं होतं. शेवंताबाईने वही उघडली, पुतळाबाईच्या नावापुढे साडेसदतीस लिहिलं आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं, गाताना.